छायाचित्रामागची जागा

छायाचित्र हाती आले की पाहणारा त्यात काय दिसते ते पाहतो. ते कोठून पाहिले गेले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उभा राहत नाही. वाड्याचा चौक, त्याच्या दोन भिंती, पायरीवर बसलेले कोणी वृद्ध गृहस्थ हे सारे दिसते. परंतु ज्या जागी कॅमेरा उभा होता ती जागा तेवढी चित्रात नसते. चित्रातील प्रत्येक रेषा मात्र त्या अदृश्य जागेकडे बोट दाखवीत असते. ती जागा शोधून काढण्याचे एक शास्त्र आहे. चित्रपटाच्या कारखान्यांत आज रोज ज्याची गरज पडते असे ते शास्त्र असून, वेळप्रसंगी त्याला न्यायाच्या कामीही साक्ष द्यावी लागते.

चित्रपटातील काम असे असते. जुन्या बाजारपेठेचे एकच छायाचित्र उपलब्ध आहे आणि तिच्या रस्त्यावर एक टांगा उभा करावयाचा आहे. टांगा प्रत्यक्षात नाही. तो संगणकात घडविलेला आहे. संगणकातला टांगा पाहावयाचा तर संगणकातच एक कॅमेरा कल्पावा लागतो. अशी दोन चित्रे एकत्र बेमालूम बसविण्याच्या क्रियेला स्टुडिओत कंपोझिटिंग म्हणतात. ती साधण्याची पहिली अट अशी की, कल्पिलेला कॅमेरा आणि कित्येक वर्षांपूर्वी त्या बाजारात उभा असलेला खरा कॅमेरा एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून, एकाच दृष्टिकोनाने पाहत असले पाहिजेत. तसे नसेल तर रंग कितीही जुळवा, टांगा रस्त्यावर टेकत नाही. तो किंचित तरंगतो, किंवा चाके घसरणीवर असल्यासारखी दिसतात. प्रेक्षकाला दोष सांगता येत नाही, पण डोळा त्यावर विश्वास ठेवीत नाही.

दादासाहेब फाळके ह्यांच्या काळी हा प्रश्न ह्या स्वरूपात नव्हता. एकाच फितीवर दोनदा चित्रण करून चमत्कार दाखविण्याची त्या काळची जी युक्ती, तीत दोन्ही वेळा कॅमेरा तोच आणि भिंगही तेच. जागा न हलविण्याची दक्षता घेतली की भूमिती आपोआप जुळे. जेथे छायाचित्र एकाने काढले, कधी काढले ते ठाऊक नाही, कोणते भिंग होते ह्याची नोंद नाही, तेथे मात्र उलटा प्रवास करावा लागतो.

सुलटा प्रवास फार जुना आहे. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात फिलिप्पो ब्रुनेलेस्की ह्या वास्तुकाराने पंधराव्या शतकाच्या आरंभी तेथील अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे एक लहानसे चित्र काढले व त्या फळीला एक भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावावयाचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहावयाचे, अशी ती रचना होती. ह्या खटाटोपाचे मर्म असे की, यथादर्शनाने काढलेल्या चित्राला डोळ्याची एकच योग्य जागा असते आणि ब्रुनेलेस्कीने ती भोक पाडून कायम करून टाकली. आल्बेर्तीने १४३५ साली ह्या रीतीचे नियम ग्रंथबद्ध केले. चित्र दिले असता डोळ्याची जागा कोणती, हा उलटा प्रश्न अठराव्या शतकात ब्रुक टेलर व योहान हाइनरिख लाम्बर्ट ह्या गणितज्ञांनी नीट हाताळला. लाम्बर्टचा ग्रंथ १७५९ चा आहे. आज संगणक जे करतो त्याचा गाभा तेथेच तयार झाला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा गाभा कागद-पेन्सिलीनेही पाहता येतो. श्रोत्यांनी एका चौकोनी इमारतीचा कोपरा डोळ्यांपुढे आणावा. एक भिंत डावीकडे दूर जाते, दुसरी उजवीकडे. डाव्या भिंतीवरील खिडक्यांचे वरचे काठ, खालचे काठ, कट्ट्याची कड ह्या सर्व रेषा प्रत्यक्षात समांतर आहेत; चित्रात मात्र त्या वाढविल्या तर डावीकडे एका बिंदूत मिळतात. हाच त्या दिशेचा लोपबिंदू. उजव्या भिंतीचाही असाच एक लोपबिंदू उजवीकडे असतो. बहुधा हे दोन्ही बिंदू छायाचित्राच्या चौकटीबाहेर पडतात, म्हणून कागद मोठा घ्यावा लागतो. दोन्ही बिंदूंना जोडणारी रेषा ही क्षितिजरेषा.

आता डोळ्यापासून डाव्या लोपबिंदूकडे जाणारी रेषा डाव्या भिंतीला समांतर असते आणि उजव्या लोपबिंदूकडे जाणारी उजव्या भिंतीला. भिंती एकमेकींशी काटकोनात बांधल्या आहेत. तेव्हा डोळ्याजवळ ह्या दोन रेषांत काटकोनच झाला पाहिजे. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो हे शाळेत शिकलेले प्रमेय येथे उपयोगी पडते. दोन लोपबिंदूंमधील अंतर हा व्यास धरून अर्धवर्तुळ काढले की डोळा त्याच्यावर कोठेतरी आहे, आणि कॅमेरा सरळ समोर, न झुकता पाहत असेल तर तो चित्राच्या मध्यबिंदूसमोर आहे. मध्यबिंदूपासून काढलेला लंब अर्धवर्तुळाला जेथे मिळतो, तेथे डोळा. समजा, ३६ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर डावा लोपबिंदू मध्यापासून ४९ मिलिमीटरांवर व उजवा २५ मिलिमीटरांवर आला. ४९ व २५ ह्यांचा गुणाकार १२२५, आणि त्याचे वर्गमूळ ३५. म्हणजे ते छायाचित्र ३५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने काढलेले होते. ज्या छायाचित्रकाराला कोणी पाहिले नाही, त्याच्या पेटीतले भिंग अशा रीतीने चित्रातूनच कळून येते.

क्षितिजरेषा आणखी एक गोष्ट सांगते. जमीन सपाट असेल तर ही रेषा चित्रातील प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. जवळचा मनुष्य व दूरचा मनुष्य ह्या दोघांच्याही डोळ्यांवरून ती जात असेल, तर छायाचित्रकार उभा राहून, डोळ्याशी कॅमेरा धरून चित्र घेत होता. ती सर्वांच्या कमरेवरून जात असेल तर कॅमेरा छातीखाली धरलेला होता किंवा तो गृहस्थ गुडघा टेकून बसला होता. संगणकातल्या टांग्याची उंचीही ह्याच रेषेने ठरते.

एक गोष्ट मात्र एकटे छायाचित्र कधीच सांगत नाही, आणि ती म्हणजे आकार. खरा वाडा आणि त्याची हुबेहूब लहान प्रतिकृती ह्यांची छायाचित्रे भूमितीच्या दृष्टीने अगदी सारखी येऊ शकतात. म्हणून एखादे तरी माप बाहेरून आणावे लागते. दाराची उंची, फरशीची बाजू, विटेची लांबी असे एक माप मिळाले की उरलेली पुष्कळशी त्यातून निघतात. जर्मनीतील आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुकार १८५८ साली वेट्झलारच्या प्रार्थनामंदिराची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि भिंतीवर चढण्याऐवजी तिच्या छायाचित्रावरच मापे घ्यावीत ही कल्पना त्याला सुचली. पुढे १८८५ मध्ये प्रशियाच्या राज्याने त्याच्या हाताखाली त्यासाठी स्वतंत्र संस्थाच काढली. अर्थात तो एकाच इमारतीची अनेक छायाचित्रे घेई. एकाच छायाचित्रावर भागवावयाचे तर भिंती काटकोनात आहेत, जमीन सपाट आहे अशी गृहीतके धरावी लागतात. गावठाणातल्या जुन्या वाड्यांत ह्या गृहीतकांचा कस लागतो, हे त्यांत राहिलेल्यांना सांगावयास नको.

ह्याखेरीज अडचणी पुष्कळ. भिंगाच्या दोषाने कडेच्या सरळ रेषा फुगीर आल्या असतील तर त्या आधी सरळ करून घ्याव्या लागतात. चित्र कापलेले असेल तर कागदाचा मध्य हा भिंगाचा मध्य राहत नाही. वरच्या उदाहरणात मध्य उजवीकडे अवघा ९ मिलिमीटर सरकला, तर ३५ च्या जागी सुमारे ३०॥ हे उत्तर येते आणि सारी खोली उगाच ओढलेली दिसते. जुन्या काचपट्टीच्या कॅमेऱ्यांत भिंगाची फळी वर सरकविण्याची सोय असे. उंच शिखराचे चित्र घेताना उभ्या रेषा उभ्याच राहाव्यात म्हणून वास्तूंचे छायाचित्रकार ती मुद्दाम वापरीत, त्यामुळे त्यांची अखंड चित्रेही कापलेल्यासारखी वागतात. लोपबिंदू फार दूर असला तर पेन्सिलीच्या एका जाडीने तो कोठल्या कोठे जातो. नवशिके कारागीर ह्या सर्वाला कंटाळून संगणकातला कॅमेरा अंदाजाने इकडेतिकडे फिरवीत बसतात. एका कोपऱ्यात जुळले की दुसऱ्यात बिघडते आणि त्यात दिवस जातो. रेषा आखून घेण्याचा अर्धा तास वाचविण्यासाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे.

कॅमेरा जुळला की मग सूर्य जुळवावयाचा. सावलीतील एक बिंदू आणि ती पाडणारा वस्तूवरील बिंदू ह्यांना जोडणारी रेषा प्रकाशाकडे जाते; अशा सर्व रेषा चित्रात एकाच ठिकाणी मिळाल्या पाहिजेत. मात्र डोळ्याला हे नुसते पाहून उमगत नाही. सावल्यांच्या बाबतीत मनुष्याचा डोळा फार सहज फसतो. ह्याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील डॅलस शहरातील आहे.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांचा २२ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथे खून झाला. दुसऱ्या दिवशी आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड ह्याच्या सामानात त्याची काही छायाचित्रे सापडली. त्यांत तो घराच्या परसात उभा असून एका हातात बंदूक, दुसऱ्यात वृत्तपत्रे, कमरेला पिस्तूल असा दिसतो. चित्र पुढे ठेवताच तो म्हणाला की चेहरा माझा आहे, पण शरीर दुसऱ्याचे. हे जोडचित्र आहे. त्याच्या पुढच्या दिवशी तो स्वतःच मारला गेला आणि खटला चाललाच नाही. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांपैकी एक चित्र 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले, आणि शंकांना ऊत आला. नाकाची सावली सरळ ओठावर पडते, अंगाची सावली मात्र जमिनीवर तिरपी जाते; मग सूर्य एक की दोन? मनुष्य असा कलून उभा आहे की त्याचा तोल राहणेच अशक्य. बंदुकीची लांबीही पटत नाही. हे आक्षेप अनेक वर्षे चालू राहिले.

डार्टमथ कॉलेजातील संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद ह्यांनी ह्या वादात भूमिती आणली. त्यांनी पोलिसांनी समोरून व बाजूने घेतलेल्या छायाचित्रांवरून ऑस्वाल्डच्या मस्तकाची त्रिमित आकृती संगणकात घडविली, परसाचीही घडविली, आभासी कॅमेरा मूळ चित्राशी जुळविला आणि एकच दिवा सूर्य म्हणून टांगला. तेव्हा नाकाखालची सरळ सावली आणि जमिनीवरची तिरपी सावली दोन्ही एकाच सूर्याने पडतात असे दिसून आले. हे त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. पुढे २०१५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण देहाची आकृती त्याच पवित्र्यात उभी करून शरीराचा भार पायांच्या आधारावर पडतो की नाही हे मोजले. तोल राहतो असे आढळले, आणि बंदुकीची लांबीही जुळली.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. भूमिती जुळली म्हणजे चित्र खरे आहे असे सिद्ध होत नाही. आक्षेपकांनी दाखविलेली विसंगती तेथे नाही, एवढेच सिद्ध होते. ज्या कौशल्याने बाजारपेठेत खोटा टांगा उभा राहतो, त्याच कौशल्याने खोटा मनुष्यही उभा करता येईल. ते चित्र खरे मानण्यास निराळा आधार आहे, आणि तो संगणकापूर्वीचा आहे. परसातल्या त्या छायाचित्रांपैकी एकाची मूळ फीत हाती लागली होती. प्रत्येक कॅमेऱ्याची चौकट फितीच्या कडेवर आपले बारीक ओरखडे व खाचा उमटविते. वॉरन आयोगापुढे १९६४ साली तज्ज्ञांनी साक्ष दिली की ही फीत ऑस्वाल्डच्याच त्या स्वस्त, पेटीवजा कॅमेऱ्यातून गेलेली आहे. तो कॅमेरा त्या दिवशी त्याच्या पत्नीच्या हातात होता, असे तिने सांगितले.