तीन तास कुठून मोजायचे?

(मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात नव्या आईबाबांसाठी झालेल्या सत्रातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "तान्ह्या बाळाचे दूध आणि झोप" असं छापलंय. ते वाचून मागच्या रांगेतल्या दोन-तीन आज्या एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. हसणं रास्तच आहे. मी डॉक्टर नाही. मी कॉम्प्युटर इंजिनियर. लोकांच्या सिस्टिम्स का बंद पडतात ते शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण माझ्याच घरात पहिल्या अकरा दिवसांत जे बिघडत होतं, ते मला दिसलं नाही. तेच सांगायला उभा आहे.

आमची चिऊ २०२३ च्या फेब्रुवारीत इथे न्यू जर्सीत जन्मली. वजन ७ पौंड २ औंस, म्हणजे सव्वातीन किलोला थोडं कमी. माझी आई नाशिकहून महिनाभर आधीच आली होती. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि चक्क सहाण! माझी तयारी वेगळी होती. मी एक्सेलची फाइल केली होती. दूध कधी घेतलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, शू, शी, झोप, प्रत्येकाला रकाना. आणि पुढच्या दुधाची वेळ आपोआप काढणारा फॉर्म्युला. हॉस्पिटलमधून निघताना नर्सनं सांगितलं होतं, "दर दोन ते तीन तासांनी पाजा." मी तीन तास पकडले. म्हटलं, बायकोला तेवढीच विश्रांती.

चौथ्या दिवशी वजन ६ पौंड १० औंस. डॉक्टर म्हणाल्या, काळजी नको. सुरुवातीच्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा-चौदा दिवसांत भरून यायला हवं. आम्ही निर्धास्त झालो. चिऊ तर इतकी शांत, की मी ऑफिसातल्या मित्रांना फोनवर सांगायचो, "आमची मुलगी फार शहाणी आहे, रडतच नाही."

आई मात्र अस्वस्थ होती. "अरे, ती मूठ चोखतेय. भूक लागलीय तिला." मी लॅपटॉप बघून म्हणायचो, "आई, अजून चाळीस मिनिटं आहेत." एकदा ती चिडून म्हणाली, "घड्याळाकडे काय बघतोस, पोरीकडे बघ की!" बायको पलंगावर बसून आमच्या दोघांकडे पाहत होती. ती काहीच बोलली नाही. ती का बोलत नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही.

अकराव्या दिवशी वजन ६ पौंड ९ औंस. वाढायच्या ऐवजी एक औंस आणखी कमी.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "दिवसातून किती वेळा पाजता?" मी अभिमानानं फाइल उघडली. त्यांनी ती खाली-वर करून पाहिली आणि विचारलं, "हे तीन तास तुम्ही कुठून मोजता?" मी म्हटलं, "अर्थात, पिऊन झाल्यापासून." त्या म्हणाल्या, "सुरुवातीपासून मोजायचे असतात."

मंडळी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. चिऊला प्यायला चाळीस मिनिटं लागायची. म्हणजे माझे तीन तास प्रत्यक्षात पावणेचार तास होत होते. नवजात बाळानं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायला हवं, आमची साडेसहाच्या आसपास पीत होती. ती शहाणी म्हणून शांत नव्हती. कमी पोषणानं सुस्त झाली होती. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मूठ तोंडाशी नेतं, मान वळवून शोधतं. आई नेमकं तेच मला दाखवत होती.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. पाचव्या दिवसानंतर बाळाचे दिवसाला किमान सहा डायपर ओले व्हायला हवेत. माझ्या फाइलमध्ये नवव्या दिवशी चार आणि दहाव्या दिवशी चार अशी नोंद होती, माझ्याच हातची. ऑफिसात लॉग न वाचणाऱ्या पोरांना मी फैलावर घेतो, आणि घरी लॉग लिहिला पण वाचला नाही.

मग काय केलं? डॉक्टरांनी लॅक्टेशन कन्सल्टंटकडे पाठवलं. चिऊ नीट तोंड मोठं करून धरत नव्हती, म्हणून तिला वेळही लागत होता आणि बायकोला दुखतही होतं. बाईंनी धरायची पद्धत बदलून दिली. दोन तास झाले की झोपेतून उठवून पाजायचं, नंतर पंपानं काढलेलं थोडं दूध वरून द्यायचं. चौदाव्या दिवशी ६ पौंड १३ औंस, अठराव्या दिवशी जन्माचं वजन भरून आलं. त्यानंतर डॉक्टर म्हणाल्या, आता रात्री मुद्दाम उठवू नका, भूक लागली की ती सांगेल.

आता आज्यांनो, तुम्ही जिंकलात असं वाटत असेल तर थांबा. आईच्या बॅगेतल्या सहाणेवर बाळगुटी उगाळायची होती, सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचा होता आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून आणलेली होती. तिन्हींना डॉक्टरांनी नाही म्हटलं. मधातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. सहा महिने फक्त दूध, पाणीसुद्धा नको. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, एवढाच काय तो अपवाद. आणि झोपवायचं ते पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, दुलई, खेळणी यांतलं काही जवळ न ठेवता. क्रिब आपल्याच खोलीत, पण पलंग वेगळा.

आईला वाईट वाटलं. "तुम्ही सगळे असेच वाढलात ना?" मी तिला एक गोष्ट सांगितली. या देशातल्या घराघरांत असलेल्या डॉक्टर स्पॉक यांच्या पुस्तकानं १९५० च्या दशकापासून बाळाला पालथं झोपवायला सांगितलं होतं. चांगल्या हेतूनं. पुढे पुरावे जमले आणि १९९२ साली इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तो सल्ला उलटा केला. १९९४ मध्ये 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. म्हणजे पुस्तकालाही नवी आवृत्ती काढावी लागते. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं, मग उशी माझ्या मानेला होईल."

आता झोप. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. दिवस-रात्र हा फरक त्याच्या शरीराला दोन-तीन महिन्यांनी कळायला लागतो. तोवर रुटीन लावायचं ते बाळाला नव्हे, आपल्याला. आम्ही दिवसा पडदे उघडे ठेवायचो, घरातले आवाज चालू. रात्री मंद दिवा, गप्पा नाहीत, पाजून परत क्रिबमध्ये. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला रडणं सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं, हे आधी माहीत असलं तर आपलं काही चुकतंय असं वाटत नाही.

मी ऑफिसातली ऑन-कॉलची पाळी घरी आणली. चिऊ नीट प्यायला लागल्यावर, महिन्याभरानं, रात्री नऊ ते दोन माझी पाळी. काढून ठेवलेलं दूध बाटलीनं मी पाजायचो. (ते बाहेर चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं.) दोननंतर बायको, सकाळी सहाला आई. त्यामुळे प्रत्येकाला सलग पाच तास झोप मिळाली.

ही झोप चैन नव्हती. महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी चिऊआधी बायकोच्या हातात दहा प्रश्नांचा कागद दिला. एडिंबरो स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून वापरात आहे. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "त्या दहा दिवसांत मला वाटायचं, माझं दूधच वाईट आहे. आणि तू सारखा स्क्रीनकडे बघायचास." चिऊचं वजन अठरा दिवसांत भरून आलं. हे भरून यायला जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी समुपदेशक सुचवल्या, ती काही महिने जात होती. आज तिच्या परवानगीनं सांगतोय, कारण या सभागृहात आत्ता अशी कुणी असेल आणि सगळे तिला फक्त "बाळ कसं आहे?" असंच विचारत असतील.

तेव्हा नव्या बाबांनो, नोंद जरूर ठेवा, पण तीन तास सुरुवातीपासून मोजा. ओले डायपर मोजा आणि कमी झाले तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आजीचं निरीक्षण ऐका, औषध मात्र डॉक्टरांचं घ्या. आणि रात्रीची एक पाळी आपल्याकडे घ्या.

मंडळातल्या बाकीच्यांना एक विनंती. इथे अनेकांच्या घरी आजी येऊ शकत नाही, व्हिसा मिळत नाही किंवा तब्येत साथ देत नाही. अशा घरी बाळ बघायला जाताना फ्रॉक नेऊ नका. वरण-भाताचा डबा न्या आणि म्हणा, "बाळाला मी घेतो, तुम्ही दोघं दोन तास झोपा."

माझं बोलणं संपलं. बाहेर तिळगूळ आणि चहा तयार आहे. कुणाला ती एक्सेलची फाइल हवी असेल तर देतो. फॉर्म्युला दुरुस्त केलाय.