बाळाच्या हाकेला ओ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी आनंदाने मानते. विषय घरातलाच घेतला आहे : तान्हे बाळ आणि आपल्या हातातला मोबाईल.

मुलाला बोल फुटण्याच्या फार आधी ते बोलत असते. ते टक लावून आपल्या तोंडाकडे पाहते, हुंकार देते. आपण “काय रे झिला?”, “काय गो चेडवा?” म्हटले की हातपाय नाचवते. तेल लावताना, न्हाऊ घालताना, धुरी देताना आपल्याकडच्या बायका बाळाशी सारख्या बोलत, ते उगीच नव्हे. हाक मारली की कोणीतरी ओ देते, हा विश्वास बाळाला त्यातूनच येतो. मायेचा पाया तोच.

१९७८ साली अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईने आधी बाळाशी हसावे-बोलावे आणि मग काही मिनिटे दगडासारखा चेहरा करून नुसते पाहात राहावे. बाळ तिला हसवू पाही, आणि काही केल्या ओ मिळेना की मान फिरवून घेई. २०१८ साली तिकडेच आयांच्या हाती मोबाईल देऊन तशीच पाहणी झाली. तेव्हाही बाळे अधिक कष्टी झाली आणि खेळण्यात कमी रमली.

परंतु यावरून सुनांना बोल लावू नये. घटकाभर फोन पाहिल्याने माया तुटत नाही. आई पुन्हा हसून बोलू लागली की बाळही तिच्याकडे वळते. जिचा नवरा मुंबईला किंवा बोटीवर आहे, तिच्या बाळाला बापाचे तोंड फोनमध्येच दिसते. तिथे तर बाप बाळाला ओ देतो. तो फोन चांगलाच. शिवाय फोनमध्ये मान घालून सासरे, नवरा आणि आपण सासवाही बसतो. मग नियम एकट्या सुनेलाच का?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचे ठरवले. मुलांच्या अभ्यासासाठी साऱ्या गावाने मिळून नियम केला, हे त्यातले घेण्यासारखे.

आपणही घराघरांत एवढे ठरवू या. बाळाला पाजताना, न्हाऊ घालताना आणि निजवताना जवळ असेल त्या प्रत्येकाने आपला फोन फळीवर ठेवावा. आणि दिवसातून एकदा घरातल्या कोणीतरी बाळ घ्यावे, म्हणजे त्या पोरीलाही माहेरी दोन शब्द बोलता येतील. तिला विसावा मिळाला तरच ती बाळाला हसून ओ देईल.