तू त्याची कोण?



‘हरवलेला बॉयफ्रेंड’ हा विषय फलकावर वाचून पहिल्या रांगेत दोन-चार कपाळांवर आठ्या पडल्यात, त्या मला इथून दिसतायत. पण गेले दोन महिने अकरावी-बारावीच्या सात मुलांना घेऊन मी हीच पटकथा जुळवतोय. डोक्यात सध्या दुसरं काही नाही.

गोष्ट एवढीच, की परीक्षा तोंडावर आलीय आणि एका मुलीचा मित्र अचानक क्लासला येईनासा होतो. मुलांनी पहिल्याच बैठकीत त्याला मुंबईला पळवला, ड्रग्जवाल्यांच्या हाती दिला, एकाने तर विहिरीत ढकलला. मी म्हटलं, तो कुठे आहे ते नंतर ठरवू, पण त्याला शोधणार कोण आणि कशाच्या हक्काने, ते ठरल्याशिवाय पहिलं पान लिहायचं नाही.

त्याचं वय ठरवण्यात अख्खी दुपार गेली. अठरा पूर्ण असतील, तर पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होते. सतरा असेल, तर थेट अपहरणाचा गुन्हा. अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेशच आहे. म्हणजे सतरा ठेवला की तपासाची सूत्रं पोलिसांकडे जाणार, आणि फोनचे रेकॉर्ड निघाले की सगळ्यात वर आमच्या नायिकेचा नंबर! शेवटी आम्ही त्याचा अठरावा वाढदिवस हरवण्याच्या आदल्या दिवशी टाकला. आता घाई कुणालाच नाही, तिच्याशिवाय.

ती ठाण्यात जाते. हवालदार मान वर न करता विचारतो, “तू त्याची कोण?” माझ्या मते सिनेमा इथे सुरू होतो. बहीण नाही, बायको नाही. ‘क्लासमधली’ म्हणावं तर एवढी कासावीस का? खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत घरी कळणार. तिच्याकडे माहिती भरपूर आहे, पण त्यातला एकेक धागा बाहेर काढायचा म्हणजे स्वतःचंच काहीतरी उघडं करायचं.

रायन जॉन्सनचा ‘ब्रिक’ हा 2005 सालचा सिनेमा मी मुलांना मुद्दाम दाखवला. त्यात उलटं आहे. मुलगा शोधतो, तेही सोडून गेलेल्या मैत्रिणीला. जॉन्सन कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटीच्या ज्या शाळेत शिकला, तिथेच त्याने चित्रीकरण केलं, आणि खर्च पाच लाख डॉलरच्या आत बसवला. मोठी माणसं त्यात जवळजवळ नाहीतच. उपमुख्याध्यापक आहेत, ते मुलाशी पोलीस अधिकाऱ्यासारखे बोलतात. ड्रग्जच्या म्होरक्याच्या घरी त्याची आई आहे, ती आलेल्या पोरांना प्रेमाने ज्यूस देते. मुलं हसली, मग एकदम गप्प झाली. आपलं पोर काय करतं याचा त्या माऊलीला पत्ता नाही. (मागे कुणीतरी खोकलं. असू द्या.)

आता फोन. मी जुन्या वळणाचा. म्हटलं, त्याचा फोन बंद दाखवू. एक मुलगी म्हणाली, “सर, मेसेजला एकच टिक येते ना, तेव्हा कळतच नाही. फोन बंद असेल, नाहीतर त्याने ब्लॉक केलं असेल.” वीस वर्षं पटकथा लिहितोय, इतकं नेमकं रहस्य मला सुचलं नव्हतं. तो संकटात आहे की फक्त हिला टाळतोय? खात्री करायला दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मेसेज टाकावा लागणार. पण कुणाच्या? मैत्रिणीला सांगितलं की वर्गभर होणार.

त्या मुलीनेच प्रसंग लिहून आणला. आईचे हात कणकेत आहेत. फोन ओट्यावर, डब्याला टेकवून ठेवलेला, त्यावर मालिका चालू. मुलगी म्हणते, “आई, एक मिनिट देतेस?” मालिका थांबवते, पाठ करून उभी राहते, त्याचा नंबर तोंडपाठ टाकते आणि नुसतं ‘हाय’ पाठवते.

एक टिक. मागे परातीत कणीक आपटल्याचा आवाज.

दुसरी टिक येते.

तिथे आम्ही मध्यंतर टाकलंय.