मुंबई दाखवायचं काम

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात आपल्या बी विंगमधील रहिवासी भगिनीने केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



कमिटीने मला विषय दिला आहे ‘प्रवास’. देताना सेक्रेटरी साहेब म्हणाले, "तुमचं काय ताई, रोज फिरायला जाता आणि वर त्याचे पैसे मिळतात!" हे वाक्य मी या सोसायटीत राहायला आल्यापासून ऐकते आहे. दुधाच्या लायनीत ऐकलंय, हळदीकुंकवाला ऐकलंय. तेव्हा आज माईक हातात आलाच आहे, तर हे फिरणं नक्की काय असतं ते सांगून टाकते.

मी टूरिस्ट गाईड आहे. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याचा परवाना आहे आणि भाषा जर्मन. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकले. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडकडचे ग्रुप येतात, त्यांना मुंबई दाखवायची. सीझन साधारण ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात काम जवळजवळ नसतंच. पगार नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. हाफ डे किंवा फुल डे, जेवढे दिवस तेवढे पैसे. क्रूझ लागली असेल तर सकाळी सातला बॅलार्ड पियरच्या ग्रीन गेटबाहेर पाटी घेऊन उभं राहायचं, म्हणजे डोंबिवलीहून पहाटेची लोकल. त्या गाडीत आपल्या सोसायटीतला कोणी ना कोणी भेटतोच. तो ऑफिसला निघालेला, मी ‘फिरायला’.

गाईडची एक गंमत सांगते. गाईड कायम इमारतीकडे पाठ करून उभा असतो आणि माणसांकडे तोंड करून. त्यामुळे गेटवे ऑफ इंडिया किती सुंदर आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावर जास्त दिसतं.

गेटवेची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण आपल्याच पोरांना ती येत नाही. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911च्या डिसेंबरात इथे उतरले, त्यांच्या स्वागताची ही कमान. पण राजाने ती पाहिलीच नाही! तेव्हा होता तो तात्पुरता पुठ्ठ्याचा देखावा. खरी दगडी कमान जॉर्ज विटेट या वास्तुशास्त्रज्ञाने आखली आणि तिचं उद्घाटन झालं 4 डिसेंबर 1924 रोजी. पुढे 28 फेब्रुवारी 1948ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून परत गेली. म्हणजे बांधली स्वागताला आणि उपयोगी पडली निरोपाला. यावर ग्रुप हमखास हसतो. मी हे किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही, पण ‘निरोपाला’ म्हणताना मला अजूनही बरं वाटतं.

आता, या कमानीखाली पर्यटक किती वेळ कमानीकडे बघतात? दोन मिनिटं. मग त्यांचे डोळे फिरायला लागतात. चणे-शेंगदाणेवाला, फुगेवाला, लाँचची तिकिटं विकणारे, गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत प्रिंटर घेऊन फिरणारे फोटोवाले. या फोटोवाल्यांचा धंदा मोबाईलने खाल्ला. पूर्वी मुंबईला आलेला माणूस गेटवेचा एक फोटो गावी घेऊन गेल्याशिवाय राहत नसे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. तरी ते उन्हात उभे असतात. मी माझ्या ग्रुपला सांगते, एक तरी फोटो यांच्याकडून काढा, हातात कागद मिळतो.

मुद्दा असा की पर्यटक इमारती बघायला येतात, पण बघतात माणसांना. आणि माणसं त्या वेळी काय करत असतात? कामच. धोबीघाट बघायचा म्हणजे दुसरं काय आहे? महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभं राहून खाली कपडे आपटणारी माणसं बघायची. चर्चगेटला साडेअकराच्या सुमाराला डबेवाले बघायचे. मावळ, मुळशी, खेडकडची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. डब्यावरच्या रंगांवरून आणि अक्षरांवरून कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठल्या बिल्डिंगच्या कितव्या मजल्यावर न्यायचा, हे ओळखतात. ग्रुपमधल्या कोणाला तरी त्यांना थांबवून फोटो हवा असतो. मी थांबवू देत नाही. बाजूने काढा म्हणते. त्यांची ती मिनिटं मोजलेली असतात, आणि पुढे कोणीतरी भुकेलेला असतो.

मला विचारतात, "तुम्हाला लाज नाही वाटत? आपली गरिबी दाखवता परदेशी लोकांना." आपल्याच बिल्डिंगमध्ये विचारलंय, नाव घेत नाही. तर माझं म्हणणं असं आहे, कपडे धुणं ही गरिबी नाही, तो धंदा आहे. हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे तिथे धुतले जातात. बघणाऱ्याची नजर कशी आहे यावर सगळं आहे, आणि ती नजर थोडीफार वळवणं हे माझं काम. अंघोळ करणाऱ्याचा फोटो नाही, झोपलेल्याचा नाही, लहान मुलांचा विचारल्याशिवाय नाही. हे मी बसमध्येच सांगून टाकते, खाली उतरायच्या आधी.

घारापुरीला गेलं की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. गेटवेहून लाँचने तासभर. सोमवारी लेणी बंद, हे लक्षात ठेवा. दर सोमवारी धक्क्यावर कोणीतरी हिरमुसलेलं कुटुंब दिसतंच. सगळे सरळ लेण्यात जातात, ती प्रचंड त्रिमूर्ती बघतात, माकडं बघतात आणि परततात. पण बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला 1987 साली. आणि गावात कायमची वीज कधी आली? 2018 साली! समुद्राखालून केबल टाकून. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर. शेवटची लाँच पर्यटकांना घेऊन गेली की मागे अंधार. एकतीस वर्षं जग तिथे येऊन जात होतं आणि तिथली पोरं कसल्या उजेडात अभ्यास करत होती याचा विचार करा. हे मी ग्रुपला सांगते. काही टूर लीडरना आवडत नाही, म्हणतात देवाचं सांगा. देवाचंही सांगते.

तिथे पायऱ्यांच्या वाटेवर डोक्यावर हंडे घेऊन, नऊवारी नेसून बायका उभ्या असतात. फोटो काढला की पैसे मागतात. पर्यटक चिडतात, म्हणतात हे खरं नाही, हे नाटक आहे. मी म्हणते, बाई, त्या कामावर आहेत. तुम्ही थिएटरात तिकीट काढता ना? मग द्या.

आमच्या धंद्यात एक दुखरी गोष्ट आहे, तीही सांगते, नाहीतर मी फक्त चांगलं चांगलं सांगितलं असं व्हायचं. ग्रुपला गालिचे, दागिने, शाली अशा मोठ्या दुकानात नेलं की कमिशन मिळतं. पुष्कळांचं घर त्यावर चालतं. बाहेरून बघणाऱ्याला ते वाईट दिसतं. पण चार महिने पावसाचे, हातात काही नाही, मुलांच्या फिया तर जूनमध्येच येतात. मी स्वतः दुकानांच्या फार नादी लागले नाही, कारण तिथे घालवलेला तास शहरातून वजा होतो. जे नेतात त्यांना मात्र मी नावं ठेवणार नाही.

आणि काम कधी थांबेल याचा नेम नसतो. 26 नोव्हेंबर 2008 नंतरचा तो सीझन आठवतो. फोन वाजायचा तो रद्द झाल्याचं सांगायलाच. आणि मार्च 2020मध्ये तर टूरिस्ट व्हिसाच बंद झाले, ते सगळ्यांसाठी पुन्हा खुले व्हायला नोव्हेंबर 2021 उजाडलं. जवळजवळ वीस महिने. तुमचं वर्क फ्रॉम होम होतं, माझं नुसतंच होम होतं! त्या काळात आपल्या सोसायटीतल्या सहा मुलांना मी जर्मन शिकवलं. फी घेतली, फुकट नाही शिकवलं, आणि त्यांच्या आईवडिलांनी एकही महिना न चुकवता दिली. ते माझ्यासाठी काय होतं ते त्यांना आज जाहीर सांगते आहे.

लॉकडाउन उठल्यावर, परदेशी ग्रुप सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी आपल्याच सोसायटीतल्या सतरा जणांना मी फोर्टमध्ये फिरवलं. काही जण इथे बसलेत. सुरुवात अर्थात व्हीटीपासून. नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, पण जिभेला वळण पडलंय, सांभाळून घ्या. या स्टेशनावर आपण आयुष्य काढलं आणि ते पाहिलं नाही, याला कारण आहे. आपण लोकलमधून उतरतो आणि थेट सबवेत शिरतो. बाहेर निघतो तेव्हा स्टेशनाकडे पाठ आणि घड्याळाकडे डोळे. दर्शनी बाजूला फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ आहे, सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटावर मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती. भिंतींवर मोर, माकडं, खारी, पानं-फुलं, ती मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत बांधायला 1878 ते 1888 अशी दहा वर्षं गेली. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. आपल्यातले एक काका मान वर करून इतका वेळ उभे होते की मागून येणारा हमाल ओरडला.

हे काका फोर्टातल्याच एका बँकेत चौतीस वर्षं नोकरीला होते. हॉर्निमन सर्कलला पोचल्यावर मी टाउन हॉलचं सांगायला लागले, तिथल्या एशियाटिकच्या पायऱ्यांचं, आणि काका मध्येच म्हणाले, "एक मिनिट, मी सांगू का?" मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चेकचे गठ्ठे बांधून रिझर्व्ह बँकेच्या क्लिअरिंग हाउसला वेळेत पोचवायचे म्हणजे काय धावपळ असायची. बॅलन्स टॅली होईना म्हणून रात्री दहापर्यंत कसे थांबायचे आणि शेवटची फास्ट चुकली की काय करायचे. पावसात तुंबल्यावर टेबलं जोडून कोण कुठे झोपायचं. एका खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, ती माझी जागा, तिथून झाड दिसायचं, तेवढं एक बरं होतं. सगळे त्या खिडकीकडे बघत होते. टाउन हॉलकडे कोणी बघत नव्हतं, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

काकू शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं डबा मी भरला. तो उघडायचा कुठे, ते आज बघितलं."

तिथून पुढे मी फारसं बोलले नाहीच. एका वहिनींनी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या तेव्हाची गोष्ट काढली, हेडफोनमुळे कानामागे कसा वळ पडायचा त्याची. त्यांच्या मुलाला हे माहीत नव्हतं. तो आता चाळिशीचा आहे.

लोकलच्या लेडीज डब्यातली एक आठवण आहे, ती सांगते आणि मग कामाचं बोलते. काही ग्रुपना लोकलने नेतो, गर्दी ओसरल्यावर, दुपारी. एकदा परतीच्या गाडीत समोर एक बाई मांडीवर कागद पसरून गवार निवडत होती. माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईंनी मला विचारायला सांगितलं, या घरी जाऊन स्वयंपाक करणार, मग या आराम कधी करतात? मी विचारलं. ती बाई मोडलेली गवार पिशवीत टाकत म्हणाली, "हाच की. बसायला जागा मिळालीय ना." मी भाषांतर केलं. जर्मन बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, अर्धी गवार आपल्या मांडीवर घेतली आणि ठाण्यापर्यंत निवडली. शिरा काही नीट निघाल्या नाहीत, पण त्या बाईने चालवून घेतलं.

तर आता कामाचं. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने कमिटीने दुसरी फेरी ठरवली आहे. या वेळी रविवारीच, कारण फोर्ट तेव्हा रिकामा असतो आणि नीट बघता येतो. मार्ग व्हीटी, फोर्ट, बॅलार्ड इस्टेट. सी विंगमधले आजोबा गोदीतून रिटायर झालेत. बॅलार्ड पियरला मी इतकी वर्षं जाते, पण मला माहीत आहे ते ग्रीन गेटच्या बाहेरचं. आतलं त्यांनी सांगायचं आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तिथपर्यंत टॅक्सी करू, तो खर्च सोसायटीने करावा असं मी सेक्रेटरी साहेबांना इथे सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे नाही म्हणता येणार नाही. बेस्टमध्ये, मंत्रालयात, गिरणीत, प्रेसमध्ये ज्यांनी ज्यांनी नोकरी केली त्यांनी आपापली जागा कळवा, वाटेत असेल तर थांबू. तिथे प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं. नातवंडांना आणा. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि चालायचे बूट. नावं वॉचमनकडच्या वहीत लिहा, गाडीची वेळ नोटीस बोर्डावर लागेल. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरू, म्हणजे आजोबांना बसायला मिळेल.