थोडा ताण हवाच, पण कोणता?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘तणावमुक्त जीवन’ हा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीनं मी तो थोडा बदलला आहे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि पूर्णपणे तणावमुक्त माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून आज मी थोड्या ताणाचे फायदे सांगणार आहे. त्यातल्या ‘थोड्या’ या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्या.

परीक्षेच्या हॉलबाहेर उभं असताना काय होतं? छातीत धडधडतं, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. आपण म्हणतो, ‘मी घाबरलो, आता माझं काही खरं नाही.’ पण त्या वेळी शरीर काम करत असतं. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जास्त रक्त पुढं ढकलतं, यकृत साठवलेली साखर मोकळी करतं. मागून कॉर्टिसॉल येतं आणि ही ताकद थोडा वेळ टिकवून धरतं. म्हणजे समोरच्या कामासाठी शरीरानं कंबर कसलेली असते.

‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकशास्त्रात रुजवला हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं. १९३६ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्याचं एक छोटं टिपण आलं. इजा, थंडी, विषारी द्रव्य अशी कारणं वेगवेगळी असली तरी उंदरांच्या शरीरात होणारे बदल सारखेच असतात, असं त्यात मांडलं होतं. पुढं १९७०च्या दशकात त्यानंच ताणाचे दोन प्रकार केले. माणसाला उभारी देतो तो युस्ट्रेस आणि पोखरतो तो डिस्ट्रेस. दुसरा शब्द सगळ्यांना ठाऊक झाला, पहिला मागं पडला.

त्याच्याही आधी, १९०८ साली, यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा सौम्य झटका. फरक ओळखणं अवघड होतं तेव्हा मध्यम झटक्यानं उंदीर सर्वांत लवकर शिकले. झटका फार कमी किंवा फार जोराचा असला की शिकणं लांबलं. काम सोपं असताना मात्र जोराचा झटकाही चालला. यावरून पुढच्या अभ्यासकांनी माणसांच्या ताणाबद्दल अंदाज बांधले. आपला अनुभवही फारसा वेगळा नाही. फॉर्म भरायची शेवटची तारीख डोक्यावर असली की हात भराभर चालतो, पण गणिताचा पेपर त्याच घाईनं सोडवला तर बेरीजसुद्धा चुकते.

अलीकडचा, २०१३ सालचा, बर्कलेचा एक प्रयोग आहे. उंदरांना काही तास ताणात ठेवलं, तर मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात नव्या पेशी जास्त तयार झाल्या. दोन दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा फरक दिसला नाही, दोन आठवड्यांनी दिसला. नव्या पेशी कामाला लागायला वेळ गेला. म्हणून ताणानंतरचा निवांत वेळ वाया जातो असं समजू नका.

तुमच्या लगेच उपयोगी पडेल असा एक प्रयोग २०१० साली अमेरिकेत झाला. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सराव चाचणीआधी एवढंच सांगितलं, की ही धडधड नुकसान करत नाही, उलट मदत करू शकते. त्यांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा चांगले आले. अभ्यास न करता हे जमेल असं मी म्हणत नाही. अभ्यास झाला असेल, तर धडधडीशी भांडण्यात शक्ती घालवू नका.

आता ‘थोड्या’बद्दल. जो ताण उपयोगी पडतो त्याला मुदत असते. तो बराचसा आपण निवडलेला असतो. तो संपल्यावर विश्रांती मिळते, आणि सोबत कोणीतरी असतं. रमजानचा रोजा आठवा. भूक खरीच असते, पण मगरिबची वेळ ठरलेली असते आणि दस्तरखानावर घरचे बरोबर असतात. तीच भूक बेमुदत आणि लादलेली असेल, तर तिला आपण उपासमार म्हणतो.

हे सांगायचं कारण आहे. भाड्याची खोली फोनवर ठरते आणि नाव सांगितल्यावर ‘आत्ताच दिली’ असं उत्तर येतं. मुलाखतीत कामाचं सोडून भलतेच प्रश्न विचारले जातात. रोज सकाळी मोबाइलवर कोणाचा तरी द्वेष येऊन पडतो. घरात शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि लग्नाची बोलणी एकाच वेळी चालू असतात. या ताणाला मुदत नाही, तो आपण निवडलेलाही नाही. वर्षानुवर्षं असा ताण राहिला की झोप जाते, रक्तदाब चढतो, लक्ष लागत नाही. ‘यानं तू कणखर होशील’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. अन्याय सोसणं हा व्यायाम नव्हे. तो ताण सहन करायची सवय लावून घ्यायची नसते, तो कमी करायचा असतो. बोलून, एकत्र येऊन, तक्रार करून, घरात अम्मी-अब्बूंशी शांतपणे चर्चा करून.

आणि त्यासाठी लागणारी हिंमत पहिल्या प्रकारच्या ताणातूनच येते. ती छोट्या मात्रेत घ्या. वस्तीतल्या बैठकीत उभं राहून दोन मिनिटं बोला. दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. बँकेत, तहसील कार्यालयात भावाला न पाठवता स्वतः जा. पहिल्यांदा आवाज कापेल. चौथ्या-पाचव्या वेळी कमी कापेल. मग थोडं अवघड काम घ्या.

मात्र दोन आठवडे झोप, भूक, उत्साह गेलेला असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर एकट्यानं झुंजू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, तसंच हे आहे.

आता तुमचे प्रश्न विचारा. विचारताना छाती धडधडली, तर हात आधी वर करा.