जागलीवरचा रेडिओ

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही आज व्होल्टेज उतरवणाऱ्या एका काडेपेटीएवढ्या पट्टीविषयी बोलणार आहे, कारण तिच्यापायी मी अब्बांचा रेडिओ गमावला.

आमचे रिठद रिसोड तालुक्यातले. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरे आणि रोही शेतात उतरतात आणि रात्रीची जागल सुरू होते. मचाणावर उजेड हवा, मोबाइल चार्ज हवा आणि डोळा लागू नये म्हणून रेडिओ हवा. माझ्या पुतण्याने त्यासाठी घरीच बॅटरी पॅक केला. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सारख्या ताकदीचे तीन सेल निवडून एकापुढे एक जोडले, त्यांवर संरक्षक सर्किट बसवले, फ्यूज लावला. लिथियमच्या बाबतीत या दोन गोष्टींना फाटा देऊ नये. आग लागू शकते.

असा एक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, उतरल्यावर ३. तिघांचे मिळून १२.६ ते ९. आमच्या रेडिओला हवे ६, मोबाइलला ५. मध्ये उतरवणारे काहीतरी हवेच. शिवाय पॅक अगदी उतरला तरी त्याचे व्होल्टेज आपल्याला हवे त्याहून दीड-दोनने जास्त राहिले पाहिजे. म्हणून दोन सेल पुरत नाहीत, तीन लागतात.

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक तीन पायांचा रेग्युलेटर, ७८०५ किंवा ७८०६. हा जादा व्होल्टेज उष्णता करून उधळून टाकतो. दुसरा बक कन्व्हर्टर. तो वीज भराभर चालू-बंद करून कॉइलमधून खालच्या व्होल्टेजने सोडतो. ‘एलएम २५९६’ची पट्टी हे काम सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा करते.

फरक किती पडतो? २२०० मिलीअँपिअर-तासांच्या आमच्या पॅकवर ५ व्होल्टचा, अर्धा अँपिअर घेणारा दिवा लावला, तर पहिल्या प्रकारावर तो साधारण साडेचार तास चालेल. बक कन्व्हर्टर शंभरातले ऐंशी भाग जरी पोचवत असला, तरी साडेसात तास. म्हणजे एकावर मध्यरात्रीनंतर अंधार, दुसऱ्यावर जवळजवळ पहाट.

हे ऐकून मी बक कन्व्हर्टर आणला. पुतण्या गावाला गेला होता. मला घाई. पट्टीच्या एका टोकाला पॅक जोडला, दुसऱ्याला रेडिओ. चट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. संध्याकाळी पुतण्याने एकच विचारले, “चाचा, आधी मीटर लावला होता का?”

नव्हता. त्या पट्टीवर एक बारीक पितळी स्क्रू असतो. तो फिरवून व्होल्टेज ठरवायचे असते. नवी पट्टी ६ वर येत नाही. माझी जवळजवळ १२ देत होती. गझलेत एक मात्रा वाढली तर शेर पडतो, पुन्हा लिहिता येतो. रेडिओ पुन्हा लिहिता येत नाही. मेकॅनिकने उघडून पाहिला आणि मान हलवली. ज्या रेडिओवर अब्बा सकाळच्या बातम्या ऐकत, तो आता कपाटावर मुका बसला आहे.

दुसरा रेडिओ आणला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बक कन्व्हर्टरच्या त्या चालू-बंदमुळे मीडियम वेव्हवर खरखर येते. रेडिओ वीज घेतो ती अगदी थोडी, त्यामुळे तिथे ७८०६ची उधळपट्टी परवडते आणि आवाज स्वच्छ येतो. तेव्हा रेडिओला तीन पायांचा, दिव्याला आणि मोबाइलला बक; आणि बक रेडिओपासून हातभर लांब.

आणखी दोन गोष्टी. पट्टीवर ३ अँपिअर लिहिले असेल, तर दोनच्या वर नेऊ नका. आणि अधिक-उणे उलटे जोडू नका, बऱ्याच पट्ट्यांना त्यापासून संरक्षण नसते.

बाकी, आधी काय चालवायचे ते ठरवा, मग पट्टी निवडा. आणि पॅक जोडल्यावर दुसऱ्या टोकाला पहिल्यांदा लागेल तो मीटर. पुतण्याने तो आता मचाणाच्या खांबालाच टांगून ठेवला आहे. माझ्यासाठी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)