साहस भांडवल : तारणाविना पैसा



वाकडपलीकडील हिंजवडीत विस्तारलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात स्थापन केली. २००५ मध्ये नॉर्वेस्ट व गॅब्रिएल या अमेरिकी साहस भांडवल संस्थांनी तीत रक्कम गुंतविली. असा गुंतवणूकदार तारण वा व्याज मागत नाही, भागीदारी मागतो. धंदा बुडाल्यास मुद्दलही जाते. म्हणून अनेकांत पैसा विभागून, एखाद्याच्या भरभराटीतून बाकीची तूट भरून काढण्याचा त्याचा हिशेब असतो. होतकरू उद्योजकाच्या दारी मात्र अशा थैल्या रांगेत उभ्या राहतात! तेथे केवळ चढा भाव पुरत नाही. परदेशी गिऱ्हाईक कोण जोडून देईल, संचालक मंडळावर बसून किती ढवळाढवळ करील, हे उद्योजक पारखतो. हप्त्यांना सरावलेल्या चाकणच्या कारखानदाराने सहीपूर्वी विचारावे : हा भागीदार बाहेर केव्हा पडणार? पर्सिस्टंटचे समभाग २०१० मध्ये शेअर बाजारात आले. तेव्हा ती वाट मोकळी झाली.